चार कोच आणि एक निळी जर्सी

पाइनच्या झाडांच्या परागांची पिवळी पूड या वसंतातही पडली. उत्तर जॉर्जियातला वसंत असाच येतो. सकाळी दुकान उघडायला जावं तर काचेवर हळदीचा हात फिरवल्यासारखा थर असतो. गाडीवर, पायरीवर, समोरच्या चर्चच्या पांढऱ्या खांबांवरसुद्धा. मी रोज काच पुसतो आणि दुपारपर्यंत ती पुन्हा पिवळी होते. अशा दुपारी मागच्या बाजूने, कॉलेजच्या मैदानावरून, आवाज येतो. टिंग. अॅल्युमिनियमच्या बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज. आपल्या क्रिकेटच्या बॅटचा आवाज पोटातून निघतो, हा भांड्यांच्या दुकानातून निघाल्यासारखा वाटतो. बेसबॉलचा सीझन खरं तर फेब्रुवारीच्या गारठ्यातच सुरू होतो. पण गारठ्यात माझी दारं बंद असतात. मला तो ऐकू येतो पूड पडायला लागली की.

पूर्वी हा आवाज म्हणजे काम होतं. मातीने भरलेल्या कपड्यांच्या पिशव्या आठवड्यातून दोनदा दुकानात येत. जॉर्जियाची माती लाल, चिकट, गेरूसारखी. गरम पाणी लागलं की कायमची बसते. आधी वाळू द्यायची, मग कोरडा ब्रश, मग गार पाणी. आता पिशव्या येत नाहीत. कॉलेजने स्वतःची यंत्रं बसवली आहेत. आवाज मात्र येतो.

माझं कपडे धुण्याचं आणि शिवण दुरुस्तीचं दुकान आहे. अल्फारेटा या मोठ्या उपनगरापासून दीड तास उत्तरेला, एका लहान कॉलेजच्या गावात. अल्फारेटात आपली माणसं खूप. गणपती बसतो, मराठी शाळा भरते, दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी निघतात. इथे मराठी बोलणारा मी एकटा. माझी बायको शैला नातू झाल्यापासून तिकडे मुलीकडेच असते. मी एक रविवार सोडून जातो, जेवतो, नातवाशी इंग्रजीत बोलतो आणि संध्याकाळी परत येतो. दुकानाचा करार या जूनमध्ये संपतोय. ठेवणार की सोडणार, असं मालक विचारत होता. मुलगी म्हणायची, "बाबा, सिरियसली, आता कशाला? क्लोज करून टाका ना. तिथे कोण आहे तुमचं?"

कोणी नाही, हे बरोबर आहे. पण या गावात माझ्या नावावर एक ठपका आहे, आणि तो पुसल्याशिवाय जायचं नाही असं मी ठरवून बसलो होतो. हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती. ठपका आहेही तसा हसण्यासारखाच.

बेसबॉलमध्ये एक गंमत आहे. बाकी कुठल्याही खेळात प्रशिक्षक कोट घालतो, टाय लावतो, निदान साधा टी-शर्ट घालतो. बेसबॉलमध्ये साठीचा म्हातारा कोचही पोरांचेच कपडे घालतो. तीच बटणांची जर्सी, तोच पट्टा, तीच घट्ट विजार, पाठीवर नंबर. माझ्या दुकानाच्या काळात या कॉलेजला चार मुख्य कोच झाले. लोक त्यांना जिंकण्या-हरण्यावरून ओळखतात. मी त्यांना कमरेवरून ओळखतो.

पहिला वॉल्टर. दाराला पुरेल एवढा रुंद. मी दुकान घेतलं त्या वर्षीच, पोरांना जमिनीवर घसरत जाऊन बेस कसा गाठायचा हे दाखवताना त्याची विजार मागून फाटली. तो तसाच, पाठ भिंतीकडे करून, आडवा आडवा चालत दुकानात शिरला.

"हे शिवून मिळेल?"

"मिळेल," मी म्हणालो. "पण पुन्हा फाटेल. दोन बोटं कापड सोडावं लागेल."

"म्हणजे मी जाड झालोय म्हणतोस?"

"कापड आटलंय म्हणतो."

तो इतका हसला की उरलीसुरली शिवणही उसवली. मग माप घ्यायच्या ठोकळ्यावर तो उभा, कमरेला माझा टॉवेल गुंडाळून, आणि आमची घासाघीस झाली. संपूर्ण संघाचे कपडे धुवायचं काम मला हवं होतं. तो एक आकडा म्हणायचा, मी नाही म्हणायचो. तो दाराकडे जायचा आणि टॉवेलमध्ये आहोत हे आठवून परत यायचा. इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्यांशी भांडून मोठा झालेला माणूस मी. वडील दुसऱ्याच्या मागावर उभे राहायचे, मी तिथल्याच एका शिंप्याकडे काजं करत शिकलो. मेव्हण्याने इकडे आणलं, तर एका कोरियन बाईच्या दुकानात वाफेच्या इस्त्रीपुढे दहा-दहा तास उभा राहिलो. ज्याची विजार माझ्या हातात आहे त्याच्यापुढे मी हरणार नव्हतो. काम मिळालं. कोष्टी हे आडनाव वॉल्टरच्या तोंडात बसेना, म्हणून त्याने मला मिस्टर के केलं, आणि गावाने तेच उचललं.

वॉल्टर निवृत्त झाला, पुढे काही वर्षांनी खरोखरच गेला. त्याच्या जागी दुसरा आला तो काडीसारखा. त्याला विजारी नव्या फॅशनच्या, पायाला चिकटलेल्या हव्या होत्या. मापं घेताना तो फोनवर बोलायचा. माझ्या तोंडात टाचण्या, त्याच्या कानाला फोन, असे आमचे दोन सीझन गेले. मग त्याला मोठ्या कॉलेजने बोलावलं. त्याचं जॅकेट माझ्याकडेच राहिलं. मी निरोप पाठवला, त्याने उलट निरोप पाठवला की ठेवून घ्या. मला वाईट वाटलं नाही. गरज संपलेली वस्तू माणसं सोडून जातात, धोब्याला हे नवं नसतं.

तिसरा रे.

रेचं सांगायचं तर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि मला आठवतो तो तोच. मध्यम अंगाचा, मध्यम उंचीचा, बायको सोडून गेलेली. पिशव्या पोरांकरवी पाठवायच्या सोडून सोमवारी संध्याकाळी स्वतः घेऊन यायचा. काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसायचा. शैला तोवर अल्फारेटाला गेली होती, पण मी रविवारी परत निघताना चिवड्याचे डबे भरून द्यायची. रे चिवडा खायचा, मिरचीचे तुकडे काढून रांगेत लावायचा, आणि मी विजारींवरची लाल माती ब्रशने झाडत राहायचो. बोलणं फार नसे. दराचं भांडण असे, ते आम्ही दर सोमवारी नेमाने करत होतो, कारण दोघांनाही दुसरं काही सुरू कसं करायचं ते येत नव्हतं. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं. तरी रे मला तुम्हीच म्हणतो असं माझ्या कानाला वाटायचं.

"कॉलेजने बजेट कापलंय, मिस्टर के."

"मातीने डाग कमी पाडायचं ठरवलंय का?"

"मातीशी बोलून बघतो."

असं.

मग तो वसंत. त्या वर्षी पूड इतकी पडली की दुपारचं आकाश जुन्या फोटोसारखं दिसायचं. आणि रेचा संघ जिंकायला लागला. एक सामना, दुसरा, तिसरा, मग लोकांनी मोजणं सोडलं. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर, सलूनमध्ये तेच बोलणं. संपूर्ण संघ एकाच निळ्या रंगाच्या जर्सीत खेळत होता. सोमवारी पोरांच्या जर्सी यायच्या. रेची यायची नाही. ती त्याच्या अंगावर असायची. उजव्या बाहीवर लाल मातीचा पट्टा, खांद्यावर पिवळी पूड, कॉलरपाशी घामाचा पांढरा नकाशा. आठवडे गेले तरी तीच. मला वाटलं, घरी बाई नाही, माणसाचं स्वतःकडे लक्ष राहत नाही. बोललो नाही. एकट्या माणसाला कपड्यांवरून बोलू नये, मीही तेव्हा एकटाच राहत होतो.

मे महिन्यात मोठी स्पर्धा आली. संघ दुसऱ्या गावी बसने जायचा होता. आदल्या संध्याकाळी रे आला, जर्सी काढून काउंटरवर ठेवली. वरचं बटण तुटलं होतं.

"फक्त बटण," तो म्हणाला. "बाकी काही करू नका. सकाळी निघताना घेतो."

आता माझं ऐका. त्याच सोमवारी आमचं दरावरून भांडण झालं होतं, आणि त्या वेळी जरा खरंच झालं होतं. त्यामुळे 'बाकी काही करू नका' हे मी ऐकलं ते गिऱ्हाइकाच्या तोंडून. बिल वाढू नये म्हणून गिऱ्हाईक हेच म्हणतं. फक्त बटण. फक्त चेन. फक्त खालची पट्टी. मला वाटलं, हा शहाणा माणूस कॉलेजचे पैसे वाचवतोय, आणि आयुष्यातल्या सर्वात मोठ्या सामन्याला मळक्या कपड्यात निघालाय. लाज वाटली मला. माझ्या दुकानातून मळका निघालाय.

आमच्या घरी इस्त्री नव्हती. परीक्षेच्या सकाळी आई तांब्यात निखारे घालून माझ्या एकुलत्या एका सदऱ्यावर फिरवायची. तो उबदार सदरा अंगात घालून मी पेपरला जायचो आणि मला वाटायचं, आज आपल्याला कोणी काही करू शकत नाही.

मी ती जर्सी कोरड्या ब्रशने झाडली, गार पाण्यात दोनदा काढली, वाफ दिली. बटण तर लावलंच, बाकीची बटणंही घट्ट केली. बिलावर लिहिलं: बटण. एवढंच.

सकाळी बस बाहेर घरघरत उभी होती. रे आत आला. मी हॅंगरवरून जर्सी त्याच्यापुढे धरली, नवरदेवाचा शेला धरावा तशी. त्याने हात पुढे केला आणि तो हात मधेच थांबला. मग त्याने बाही उलटून बघितली, जिथे मातीचा पट्टा होता तिथे. कापड नाकाशी नेलं.

"छान दिसतेय, मिस्टर के," तो म्हणाला. घातली आणि गेला.

जिंकत असताना कपडे धुवायचे नसतात. हा त्यांचा नियम आहे. शेंबडं पोरही पाळतं. कोणी मोजे धूत नाही, कोणी टोपी धूत नाही, आणि त्या वसंतात संघाने ठरवलं होतं की कोचची जर्सी कोणी धुवायची नाही. सगळ्या गावाला माहीत होतं. गावातल्या धोब्याला सांगायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. हा माझा दावा आजही आहे. धोब्याला सांगायला नको?

हरले ते. पहिल्याच सामन्यात, आघाडीवर असताना.

पुढचं तुम्हाला समजेल. रेच्या हाताखालचा सहायक कोच ब्रेट बसमध्ये मोठ्याने म्हणाला, "त्या कपडेवाल्याने धुतली," आणि बस गावात पोचायच्या आधी ही बातमी पोचली. पेट्रोल पंपावरचा माणूस मला म्हणाला, "मिस्टर के, तुमचा साबण फारच चांगला आहे हं." गिऱ्हाइकं कपडे देताना डोळा मारायची. पुढच्या वसंतात कोणीतरी काचेवरच्या पिवळ्या पुडीत बोटाने लिहिलं होतं: धुऊ नका. मी बाहेर जाऊन रस्त्यावर ओरडलो. रस्ता रिकामा होता, तरी ओरडलो.

पण हे सगळं मी गिळलं असतं. सोमवार गिळला गेला नाही. पहिल्या सोमवारी मी स्टूल पुसून ठेवलं, चिवडा काढला. पिशव्या एक पोरगा ठेवून गेला. दुसऱ्या सोमवारी तेच. जूनमध्ये कळलं की रेने नोकरी सोडली आणि टेनेसीला गेला. मला शिव्या देऊन गेला असता तर मी उलट दिल्या असत्या, भांडण मिटलं असतं. तो काही न बोलता गेला. एखाद्याने न बोलता दोषी धरलं तर समोरच्याने भांडायचं कोणाशी? मी मग सगळ्यांशी भांडलो. मालकाशी, नगरपालिकेशी, शैलाशी. ब्रेट मुख्य कोच झाला, त्याच्याशी तर इतका की पुढच्या वर्षी कॉलेजने यंत्रंच घेतली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. स्टूल मी हलवलं नाही. त्यावर आता दोऱ्यांची खोकी असतात.

या मार्चमध्ये ब्रेट स्वतः दुकानात आला. हातात टॅब्लेट, पोट सुटलेलं. एप्रिलमधल्या शेवटच्या घरच्या सामन्याला आजवरच्या मुख्य कोचांचा सत्कार होता. जे हयात आहेत ते संघाचे कपडे घालून मैदानावर उभे राहणार. यंत्रं धुतात, पण यंत्रांना कमर सैल करता येत नाही.

"दर सांगा," ब्रेट म्हणाला. तो भांडायच्या तयारीने आला होता, खांदे वर.

"फुकट करतो."

त्याने टॅब्लेट खाली ठेवला. "यात फसवणूक कुठे आहे?"

"रेचा फोन नंबर द्या."

"अरे देवा. तुम्ही अजून त्या शर्टावरच आहात?"

"तुम्ही गावाला विसरू दिलंत?"

त्याने टॅब्लेट पुन्हा उचलला. "रे येणार नाही म्हणालाय," तो म्हणाला. "दोनदा विचारलं." मग नंबर दिला. इतकी वर्षं बाजारात काढली, पण एवढा तोट्याचा सौदा मी कधी केला नव्हता आणि इतक्या घाईने तर कधीच नाही.

फोन केला तो दुपारी, गिऱ्हाईक नसताना. पलीकडे गवत कापायच्या मशिनचा आवाज होता. मी नाव सांगितलं. मशिन बंद झालं.

"मिस्टर के," रे म्हणाला. "कसा आहे धंदा?"

माझ्याकडे सगळं भाषण तयार होतं. कितीतरी वर्षं इस्त्री करताना घोटलेलं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "सोमवारी का आला नाहीत?"

 तो बोलला ते सरळ बोलला. त्या दिवशी चेंडू टाकणारा मुलगा, त्याचा पिचर, सहाव्या डावातच दमला होता. खांदा खाली आला होता. कोचने अशा वेळी मैदानाच्या मधल्या उंचवट्यापर्यंत चालत जायचं असतं आणि मुलाच्या हातातून चेंडू घ्यायचा असतो, म्हणजे तो बाहेर आणि दुसरा आत. रेला दिसत होतं. तो गेला नाही. मुलाने डोळ्यांनी विनवलं, असू द्या, आणि रेने असू दिलं. पुढच्या डावात सगळं गेलं.

"बसमध्ये मुलगा रडत होता," रे म्हणाला. "एकोणीस वर्षांचा. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग ब्रेट शर्टाचं बोलला, आणि सगळे हसले, चिडले, शर्टावर तुटून पडले. मुलावरची नजर हलली. मी ते तसंच राहू दिलं."

"आणि मी?"

"तुम्हाला झेपेल वाटलं. तुम्ही सगळ्यांशी भांडत होता." मग हळू आवाजात: "त्यानंतर तुमच्यासमोर बसून चिवडा कसा खाणार होतो?"

मी ओरडायला पाहिजे होतं. तोंड उघडलं होतं. पण ओरडणं आलं नाही. मी विचारलं, सत्काराला याल का. तो म्हणाला, त्या मैदानावर ते कपडे घालून उभं राहवणार नाही. मी आग्रह केला नाही. "काय करू मी, मिस्टर के?" त्याने विचारलं. "तुमच्यासाठी काय करू?" समोरचा म्हणतोय काहीही माग, आणि मला एक आकडा सुचेना. "गवत कापा," मी म्हणालो, "ऊन चढेल," आणि फोन ठेवला.

तो पिचर आता गावातल्या शाळेत शिकवतो. लग्न झालंय, एक मुलगी आहे. दर गुरुवारी शर्ट आणतो, आणि दर वेळी तोच विनोद करतो. फोननंतरच्या गुरुवारीही केला.

"फार स्वच्छ नका धुऊ हं, मिस्टर के. या आठवड्यात आम्ही जिंकतोय."

त्याची मुलगी त्याच्या बोटाला धरून उभी होती. ती हसली, बाबा हसला म्हणून. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. सहावा डाव, खांदा, बस. एक वाक्य पुरलं असतं. शनिवारपर्यंत गावाला कळलं असतं, ठपका माझ्यावरून उतरला असता, आणि मी ज्यासाठी इतकी वर्षं इथे थांबलो ते मला मिळालं असतं. फक्त तो उचलून या माणसाच्या डोक्यावर ठेवायचा होता, मुलीदेखत.

"शनिवारी मिळतील," मी म्हणालो, आणि शर्टांना चिठ्ठ्या लावल्या.

सत्कार झाला. तो काडीसारखा दुसरा कोच आता काडीसारखा राहिलेला नाही, त्याची कमर चार बोटं सैल केली. ब्रेटची दोन. वॉल्टरच्या जागी त्याचा मुलगा उभा राहिला, बापाच्या जर्सीत, तीसुद्धा मीच बेतली. रेच्या जागी मोकळं गवत होतं. मी कुंपणापलीकडून बघितलं आणि परत आलो.

काल मालकाला सांगितलं, जूनमध्ये जागा सोडतो. मुलीला फोन केला तर ती आधी घाबरली. "बाबा, आर यू ओके? अचानक काय झालं?" म्हटलं, काही नाही, कंटाळा आला. ती लगेच टेम्पो, खोकी, कुठली खोली, असं बोलायला लागली. मागून शैलाचा आवाज आला, "खरंच येणार का विचार. दर वर्षी म्हणतात."

हे सगळं इथे मोकळेपणी लिहू शकलो, कारण मराठीत लिहितोय. या गावात हे कोणी वाचणार नाही. तो शिक्षक वाचणार नाही, त्याची मुलगी वाचणार नाही, पेट्रोल पंपावरचा माणूस वाचणार नाही. त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत जर्सी धुणाराच राहणार. माझ्या मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शैला वाचेल. चष्मा लावून, ओठ हलवत, सगळं वाचेल, आणि कागद खाली ठेवून म्हणेल, "अहो, एवढं होतं तर मला का नाही सांगितलंत?"